बाबाजी म्हणतील तसं?

पत्र

ताई, सत श्री अकाल आणि रामकृष्णहरी, दोन्ही. माझं माहेर हिंगोलीकडचं, वारकऱ्यांचं. सासर नांदेडचं, शीख. लग्नाला अकरा वर्षं झाली, आठ वर्षांची मुलगी आहे. ह्यांचे दोन ट्रक होते. एक हप्ते थकले म्हणून ओढून नेला, दुसरा आम्हीच विकला. तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, दारू. ह्यांनी २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या (ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याच्या) सोहळ्यात अमृत छकलं होतं, म्हणजे खालशाची दीक्षा घेतली होती. रोज रात्री हे पगडी काढतात, कपाटावर नीट ठेवतात, वर रुमाल टाकतात आणि मग बाटली काढतात. माझ्यावर हात उचललेला नाही, पण मागच्या महिन्यात जेवणाचं ताट भिरकावलं.

सासूबाई एका डेऱ्यावरच्या बाबांकडे जातात. त्यांनी चाळीस दिवस चौपई साहिबचा पाठ सांगितला, पाठाजवळ पाण्याची बाटली ठेवून ते पाणी गुपचूप ह्यांच्या चहात घालायला सांगितलं आणि अकरा हजार रुपये सेवा मागितली. हुकूमही काढला, म्हणजे ग्रंथसाहिब उघडून समोर आलेलं वाचलं. त्यात ‘कूड़ु मीआ कूड़ु बीबी’ आलं. बाबा म्हणाले, घरातली बाई खोटी आहे म्हणून हे चाललंय. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत.

मला गुरुद्वाऱ्यातल्या एखाद्या मोठ्या ग्यानीजींना विचारावंसं वाटतं. पण कुणाला? बाईमाणसानं एकटीनं जावं का? विचारायचं काय? आणि एकदा विचारलं की ते सांगतील ते पाळावंच लागतं का? आमच्या माहेरी महाराजांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ग्यानीजींनी पंज प्यारे, म्हणजे पाच अमृतधारी, बसवून ह्यांना सगळ्यांपुढे उभं केलं तर? हे जिवाचं काही करून घेतील अशी भीती वाटते.

— नांदेडची एक सून

उत्तर

अगं पोरी,

मीही नांदेडचीच. माझे खापरपणजोबा रणजितसिंगांनी निजामाच्या मदतीला धाडलेल्या लाहोरी फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. आमच्या घरात आजी पाठ पंजाबीत करायची आणि भांडायची मराठीत. तेव्हा तू कुठल्या घरात उभी आहेस ते मला दिसतंय. ते कपाटसुद्धा.

आधी तो हुकूम निकालात काढू, कारण तो तुझ्या अंगावर फेकलाय. ‘कूड़ु मीआ कूड़ु बीबी’ ही ओळ गुरू नानकांची, ग्रंथसाहिबातल्या ‘आसा दी वार’मधली, अंग (पान) ४६८. आसा दी वार पहाटेच्या कीर्तनात रोज गातात. बाबांचा अर्थ धरला तर नांदेडातली प्रत्येक सून रोज पहाटे खोटी ठरायला हवी! श्लोक सुरू होतो ‘कूड़ु राजा कूड़ु परजा कूड़ु सभु संसारु’ इथून. राजा कूड, प्रजा कूड, मंडप कूड, माडी कूड, माडीत बसणारा कूड. पुढची ओळ ‘कूड़ु सुइना कूड़ु रुपा’, म्हणजे सोनं कूड, चांदी कूड, ते अंगावर घालणारा कूड. मग काया, मग कपडे, आणि तेव्हा कुठे नवरा-बायको येतात. तेही दोघं, नुसती बायको नाही. आपण मराठीत ‘मनात कूड नाही’ म्हणतो ना, तेच हे कूड. पुढे नानक म्हणतात, दोस्ती करायची कुणाशी, ‘सभु जगु चलणहारु’, सगळं जगच जाणारं आहे. देवा, तुझ्यावाचून बाकी सगळं कूड. तुझ्या वडिलांना ऐकव, त्यांना हा अभंगच वाटेल. अकरा हजार मागताना बाबांनी नेमकी सोन्या-चांदीची ओळ कशी गाळली, हे मात्र मला त्यांना विचारावंसं वाटतं.

हुकूम म्हणजे पत्रिका नव्हे. ग्रंथसाहिब उघडला की डाव्या पानावर वरच्या बाजूला जो शबद (पद) येतो तो घ्यायचा. तो आदल्या पानावरून चालत आलेला असेल तर पान मागे उलटून त्याच्या सुरुवातीपासून वाचायचा, आणि पूर्ण वाचायचा. मधलीच एक ओळ उचलून तिचा दगड करायचा नाही. त्या दिवशी जे आलं ते सगळ्या घरानं ऐकायचं असतं. एकीला आरोपी करायला हुकूम नसतो.

आता तुझा मुख्य प्रश्न. पाळावंच लागतं का? नाही.

शिखांमध्ये पुरोहित नाही. ग्रंथी असतो, तो ग्रंथसाहिबची सेवा करतो आणि वाचतो. रागी गातो. कथावाचक अर्थ सांगतो. ज्याचा अभ्यास मोठा त्याला लोक आदरानं ग्यानीजी म्हणतात. यातला एकही जण तुझ्या आणि गुरूच्या मध्ये बसलेला नाही. अरदास (प्रार्थना) तू करू शकतेस, पाठ तू करू शकतेस, हुकूमसुद्धा वाचता येत असेल तर तू घेऊ शकतेस. १७०८ साली दहाव्या पातशहांनी, गुरू गोविंदसिंगांनी, यापुढे देहधारी गुरू नाही, गुरू ग्रंथसाहिब, असं सांगितलं ते कुठे? तुझ्या घरापासून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर. त्याच गावात लोक डेऱ्यांवरच्या बाबांपुढे रांगा लावतात याचं मला हसू येतं, आणि रागही.

एक साखी सांगते. गुरू गोविंदसिंग दक्षिणेकडे निघाले होते, त्याच प्रवासात जो पुढे नांदेडला संपला. वाटेत राजस्थानात नारायणा इथे संत दादूंची समाधी लागली. गुरूंनी बाणाचं टोक लववून समाधीला नमस्कार केला. बरोबरच्या शिखांनी तिथल्या तिथे घोडा अडवला: महाराज, समाध्यांपुढे लवायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, तुम्हाला दंड. गुरू खूश झाले, म्हणाले, तुम्ही जागे आहात का तेवढंच पाहत होतो; आणि दंड भरला. जिथे दहाव्या गुरूंना दंड होतो तिथे एखाद्या ग्यानीजींना ‘हे मला पटलं नाही जी’ म्हणायला तू कशाला घाबरतेस? चांगला असेल तर रागावणार नाही. रागावला तर तुला उत्तर मिळालंच.

मग जायचं तरी कशाला, म्हणशील. वडीलधारा म्हणजे आपल्या आधी ती वाट चाललेला माणूस. त्याच्याकडे निकाल मागायला जायचं नाही, सोबत मागायला जायचं. ग्रंथसाहिबमध्ये याचा एक नमुना आहे आणि तो तुझ्या माहेरचा आहे. भगत नामदेवांचे ६१ शबद त्यात आहेत हे तुला ठाऊक असेल. तुमच्या हिंगोलीचं नरसी ते. पण कबीरांच्या श्लोकांमध्ये दोन श्लोक असे आहेत, ज्यांत नामदेव आणि त्रिलोचन, दोघे मित्र, बोलत बसलेत. त्रिलोचन टोचून विचारतात: नाम्या, तू मायेत गुंतलास, कापडं कसली छापत बसतोस, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव म्हणतात, तोंडानं राम म्हण, ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. हातपाय कामाला, चित्त निरंजनापाशी. एकानं स्पष्ट विचारलं, दुसऱ्यानं स्पष्ट सांगितलं, आणि दोघे मित्र राहिले. असा माणूस शोध.

कुठे शोधायचा? सगळ्यात मोठा मान ज्याचा, त्याच्याकडे आधी धाव घेऊ नकोस. त्याच्यामागे माणसं लागलेली असतात, त्याला तुझ्यासाठी दहा मिनिटं काढणं जड जातं. मी म्हणेन, लंगरात जा. चार दिवस पोळ्या लाट. तिथे एक तरी म्हातारी बीबी असते जिला कुणाच्या घरात काय शिजतंय ते सगळं माहीत असतं आणि जी कुणाला सांगत नाही. गुरू अंगददेवांच्या पत्नी माता खीवी लंगर चालवायच्या. त्यांचं नाव घेऊन ग्रंथसाहिबमध्ये म्हटलंय ‘जिसु बहुती छाउ पत्राली’, जिची सावली दाट पानांची. आपल्याकडे वडीलधारं म्हटलं की दाढीच डोळ्यांपुढे येते. तशी गरज नाही. त्या बीबीलाच विचार, ग्रंथींमध्ये ऐकून घेणारा कोण आहे. ती नाव सांगेल.

मग जायचं. सकाळचा दिवाण (कीर्तनाची सभा) संपल्यावर जरा निवांत असतं, किंवा रहिरास, म्हणजे संध्याकाळचा पाठ, झाल्यावर. एकटीनं गेलीस तरी कुणी अडवणार नाही, पण पहिल्या खेपेला बीबीला बरोबर घे. गाव लहान आहे आणि जिभा लांब आहेत. बोलणं दार उघडं असलेल्या खोलीत किंवा लंगरच्या ओसरीवर. नमस्काराला फतेह बोलवायची. पाय धरायचे नाहीत. तुझ्या माहेरची सवय आहे, हात आपोआप खाली जाईल, आवर. पाकीट द्यायचं नाही. द्यायचंच असेल तर गोलकीत, म्हणजे दानपेटीत, टाक, कुणी पाहत नसताना. आणि समोरच्यानं पैशाचा आकडा काढला, एकटीला परत बोलावलं, किंवा ‘हे घरी सांगू नकोस’ म्हटलं, तर चप्पल घालून निघ. मग तो कितीही मोठा ग्यानी असो.

‘मी काय करू?’ असं विचारू नकोस. ज्याला तुझं घर माहीत नाही तो त्यावर उपदेशच करणार. नेमकं माग: ‘तुम्ही ह्यांना भेटाल का? ह्यांच्याशी दारूचं न काढता बोलाल का?’

हे का म्हणते ते सांगते. माझे एक काका होते. असेच प्यायचे. घरच्यांनी एका बड्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांना ग्रंथसाहिबपुढे नेलं आणि शपथ घ्यायला लावली, आजपासून थेंब नाही. काकांनी शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, पहाटे झटका आला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आम्हाला ओरडले: रोज इतकी पिणाऱ्याची दारू एका दिवसात अशी तोडतात का? माणूस जातो यात. आम्हाला वाटलं होतं शपथ मोडली तर पाप लागेल. पाळल्यानं जीव जाईल, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका घरी आले तेव्हा खाली मान घालून बसायचे, पगडी बांधेनात. तेव्हा एक म्हातारे ग्रंथी रोज पहाटे यायला लागले. तुला माहीत आहे, पगडी बांधायच्या आधी कापडाची पूणी करावी लागते. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, ताणायचं आणि घडी घालत यायचं. एकट्याला जमतं, पण दाराच्या कडीला बांधून वगैरे, ओढाताण होते. ते ग्रंथी येऊन टोक धरायचे. पूणी झाली की काका पगडी बांधायचे, हे चहा प्यायचे आणि जायचे. दारूबद्दल अक्षर नाही. सुमारे दोन महिने आले. काकांचं औषध चालू होतंच, मध्ये एकदा घसरलेही, तरी ते दुसऱ्या दिवशी पहाटे हजर. मला विचारशील तर वडीलधाऱ्याचं मार्गदर्शन मी आयुष्यात एवढंच पाहिलंय. बाकी भाषणं.

म्हणून ग्यानीजींना काही सांगायचं तर आधी त्या पगडीचं सांग. किती पितात, कधीपासून, हे नंतर. जो माणूस पिण्याआधी पगडी उतरवून रुमालाखाली झाकतो, त्याला काय मोडतंय ते पक्कं ठाऊक आहे. तिसरे गुरू अमरदास दारूबद्दल लिहितात: ‘जितु पीतै मति दूरि होइ’, जी प्यायल्यानं बुद्धी दुरावते, ‘आपणा पराइआ न पछाणई’, आपला कोण परका कोण कळेनासं होतं. ताट भिरकावलं ती रात्र म्हणजे हेच. पण ही ओळ त्याला ऐकवायला घेऊ नकोस. त्याला ती तोंडपाठ असेल.

पंज प्याऱ्यांची भीती. शीख रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, अमृतधाऱ्याला चार कुरहती (मोठे निषेध) सांगितल्यात: केस कापणं, कुट्ठा म्हणजे हलाल मांस, परस्त्री-परपुरुष, तंबाखू. यातली एक जरी घडली तरी पुन्हा अमृत घ्यावं लागतं. नशा त्या चारांत नाही. ती चूक आहेच, पण तनखाहची, म्हणजे दंडाची, चूक, आणि तनखाह म्हणजे बहुतेक वेळा सेवा: जोडे पुसणं, भांडी घासणं, जास्तीचा पाठ. त्याच मर्यादेत असंही आहे की माफ करताना संगतीनं (जमलेल्या शिखांनी) हट्ट धरू नये आणि दंड घेणाऱ्यानंही अडून बसू नये. तनखाह लागतो तो सहसा माणूस स्वतःहून पुढे येतो तेव्हा. बायकोनं मदत मागितली म्हणून कुणी नवऱ्याला ओढून उभं करत नाही. तरीही ग्यानीजींना पहिल्याच वाक्यात सांग: ‘हे बोलणं आपल्यातच राहू द्या जी.’ त्यांनी मान डोलावली नाही तर तिथेच थांब.

पण ‘जिवाचं काही करून घेतील’ हे तू लिहिलंस ते मी नुसतं वाचून पुढे जाणार नाही. ते तसं कधी बोललेत का? बोलले असतील तर हे ग्यानीजींच्या आवाक्यातलं काम नाही, डॉक्टरांचं आहे, आणि या आठवड्यातलं आहे. विष्णुपुरीला सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे दारूचंही बघतात. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ लागतो. व्यसनासाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. कुठेही गेलात तरी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. आणि बाबा उद्या पाण्याऐवजी एखादी पुडी देतील चहात घालायला, तर अजिबात घालू नकोस. दारू सोडवायच्या काही गोळ्या अशा असतात की त्या पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेततं. त्या त्याला सांगून, तपासून द्यायच्या असतात.

ताटाचं म्हणशील, तर आज ताट आहे. ज्या दिवशी हात उठेल त्या दिवशी मुलीला घेऊन शेजारी जा आणि महिलांच्या हेल्पलाइनला, १८१ ला, फोन लाव. त्यासाठी कुणा ग्यानीजींची, बाबांची, माझी परवानगी नको. ‘सहन कर, पाठ कर, सगळं ठीक होईल’ असं कुणी म्हणालं, तर तो कितीही गोड बोलत असला तरी त्याचं ऐकू नकोस.

सासूबाईंचं काय? त्यांच्यावर तू चिडली आहेस, आणि चिडावंस असंच त्या वागल्यात. पण त्यांचा मुलगा रोज रात्री बुडतोय आणि त्यांना कुणीतरी एक बाटली आणि चाळीस दिवस दिलेत. हातात धरायला काहीतरी. ते काढून घेतलंस तर त्या तुझ्यावर आणखी उसळतील. त्यापेक्षा पाठाला त्यांच्याशेजारी जाऊन बस. चौपई साहिब दहाव्या पातशहांची बाणी आहे, रक्षणाची विनवणी आहे. पाठात काही खोट नाही. खोट बाटलीत आहे. रहत मर्यादेत पाठाजवळ कुंभ, जोत, नारळ ठेवणं मनमत, म्हणजे मनानं काढलेलं, म्हटलंय. आपल्या हजूर साहिबच्या (नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्याच्या) परंपरेत हे वेगळं आहे, त्यावर वाद घालणारे घालोत. पण पाठाजवळचं पाणी चोरून कुणाच्या चहात घाला, असं इथल्याही मर्यादेत नाही आणि तिथल्याही नाही. पाठ झाला की सासूबाईंनाच म्हण, ‘बीजी, मला आसा दी वारमधला तो श्लोक पूर्ण वाचून दाखवा ना.’ चष्मा लावून, बोट फिरवत, त्या वाचतील. सोन्या-चांदीपाशी आल्या की गप्प बस.

अकरा हजार दिले असतील तर गेले. नसतील दिले तर त्या पैशांतून डॉक्टरांची फी निघेल.

आणि ती पाण्याची बाटली अजून घरात असेल तर कुंडीत ओत. पाठाजवळ ठेवलेलं पाणी आहे, मोरीत नको.